मैदानाला दिलेलं पाणी

गेणबानं उभ्या आयुष्यात एकही गोल केला नाही. सहा वर्षं पलटणीत आणि सव्वाचार वर्षं आमच्या बारामतीच्या कालव्याच्या संघात तो हॉकी खेळला. एवढ्या काळात त्याचं काम एकच होतं, चेंडू घेऊन येणाऱ्याला आपल्या पलीकडे जाऊ द्यायचं नाही. तो उजवा बॅक होता. गोल झाला की सगळे बॅककडे बघतात, आणि झाला नाही तर त्याच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. माझं जायचं, कारण पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये मलाही चार वर्षं बॅकच्याच जागेवर उभं केलं होतं.

आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान, कालव्याच्या दवाखान्यात होते. आम्ही कालव्याच्या कँपातल्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि मैदान दारासमोरच होतं. माझ्या डायरीत ९ डिसेंबर १९३१, बुधवार, या पानावर लिहिलं आहे : ‘नवा बॅक पाहिला. अंथुर्ण्याचा आहे. अनवाणी खेळतो. घाई करत नाही.’

हे शेवटचं मी मुद्दाम लिहिलं होतं. बाकीचे खेळाडू चेंडूच्या मागे धावायचे. गेणबा उभा राहायचा, दोन पावलं मागे सरायचा, आणि समोरचा माणूस अगदी अंगावर आला की स्टिक जमिनीला लावून चेंडू काढून घ्यायचा. नांगर चालवणारा माणूस वाकून ढेकूळ बाजूला करतो तितक्या सहज. एकदा मी त्याला विचारलं, की कुठं बघतोस? तो म्हणाला, “मानसाच्या कमरंकडं. चेंडू फशिवतो बाई, कंबर न्हाय फशिवत.”

विसाव्या वर्षी तो पलटणीत गेला तेव्हा अंथुर्ण्याला त्याच्या वडिलांची सात एकर काळी जमीन होती. सहा वर्षांनी परत आला तेव्हा ती पांढरी झाली होती. वरच्या अंगाला कालवा आला, पाणी जमिनीखालून पाझरत राहिलं आणि रानाला खार फुटला. अशा जमिनीला चोपण म्हणतात. तिच्यात ज्वारी वीतभर येते आणि पिवळी पडते. वडील त्याच वर्षी गेले, भाऊ नव्हता. बायको बनाबाई, पाठोपाठच्या तीन मुली आणि ती पांढरी जमीन, एवढं घेऊन तो कामासाठी कँपात आला. मोठ्या साहेबांनी त्याच्या कागदावर ‘पलटणीच्या हॉकी संघात’ हे शब्द वाचले आणि बाकीचा कागद वाचलाच नाही.

मोठे साहेब म्हणजे कालव्याचे मुख्य इंजिनियर. हॉकीवर त्यांचा फार जीव. त्यांनी चांगले खेळणारे पाचजण हेरून कालव्यावर नोकरीला घेतले होते, पण सगळे हंगामी. दर मार्चअखेर नाव पुन्हा यादीत आलं तर पुढचं वर्ष. खेळ चांगला तर नाव यायचं. गेणबाला त्यांनी पाटकरी केलं.

पाटकरी म्हणजे कालव्याच्या दारांवरचा माणूस. प्रत्येक शेताला ठरलेल्या दिवशी ठरलेले तास पाणी, ही त्याची पाळी. पाळी आली की पाटकऱ्यानं चावी फिरवून दार वर घ्यायचं, तास भरले की खाली सोडायचं. शेतकऱ्यानं दाराला हात लावायचा नाही. कोणी तहसीलदाराचं ऐकणार नाही, पण पाटकऱ्याला रामराम घातल्याशिवाय पुढे जाणार नाही. त्याला दाराजवळ एक खोली मिळायची. गेणबाचा संसार त्या एका खोलीत होता. चोपण जमिनीवरचं घर पावसात खचून गेलं होतं, त्यामुळे ती खोली गेली तर डोक्यावर काहीच नव्हतं. ही गोष्ट तो कधी बोलून दाखवायचा नाही, बनाबाई बोलायची. ती म्हणायची, “लोकाची मानसं हातापायावर जगत्यात. आमी गुडघ्यावर जगतो.”

गुडघा दुखावला तो नोव्हेंबर १९३४ मध्ये, दौंडला रेल्वेच्या संघाशी खेळताना. त्यांचा एक आडदांड फायरमन चेंडूसकट त्याच्या उजव्या पायावर कोसळला. गेणबा उठला आणि सामना संपेपर्यंत खेळला. दुसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्याएवढा झाला. बनाबाईनं कुणाच्या तरी सांगण्यावरून बिब्बा घातला, कातडी उतली, आणि मग तो दवाखान्यात आला. डॉक्टरांनी सुईनं गुडघ्यातलं पाणी काढलं. पुढच्या वर्षभरात आणखी दोनदा काढलं. तिसऱ्या वेळी ते त्याला म्हणाले, की आता खेळ थांबव, आत काहीतरी फाटलं आहे, ते जुळणार नाही.

गेणबा म्हणाला, “थांबतो की. ऱ्हायचं कुठं तेवढं सांगा.”

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. साहेबांनी त्यांना गेणबाच्या गुडघ्याबद्दल कधी विचारलं नाही, आणि यांनी आपण होऊन कधी सांगितलं नाही. तो लंगडतो हे दिसायचं फक्त उतारावर. सपाट जमिनीवर तो चालायचा तर कुणाला कळायचं नाही. पण उजव्या पायावर गर्रकन वळणं त्याला जमत नव्हतं, हे मला १९३५ च्या पावसाळ्यानंतरच्या पहिल्या सामन्यातच दिसलं. तो आता दोनऐवजी चार पावलं मागे सरत होता.

फेब्रुवारी १९३६ मध्ये बातमी आली की मोठ्या साहेबांची बदली झाली. ३१ मार्चला ते जाणार आणि नवे येणार. नव्या साहेबांना खेळात रस नाही असं ऑफिसातले कारकून सांगत होते. हंगामी माणसं तर आधी जाणार. पाचांपैकी चौघांनी इकडेतिकडे सोय लावली. कुणाला मामा होता, कुणाला गावाकडं बागायत. गेणबा माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला आला. आजूबाजूच्या गावचे लोक इंग्रजी कागदांसाठी माझ्याकडेच यायचे. मी लिहिलं, की अर्जदारानं सव्वाचार वर्षं खात्याची सेवा केली आहे, त्याच्या कामाबद्दल एकही तक्रार नाही, त्याला कायम करावं. ती ओळ मी त्याला मराठीत वाचून दाखवली तेव्हा तो म्हणाला, “तक्रार न्हाय हे खरं हाय. ते जरा मोठ्या अक्षरात लिवा.”

साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. जाण्याआधी त्यांनी स्वतःच्या खर्चानं एक कप ठेवला होता, आणि अंतिम सामना १५ मार्चला, रविवारी, दौंडच्या रेल्वे संघाबरोबर आमच्याच मैदानावर होता. ते गेणबाला एवढंच म्हणाले, की त्या दिवशी मैदानात उभा राहा, मग तुझा कागद बघतो. लंगड्या माणसाला कायम करता येत नाही, हेही कुणीतरी त्याच्या कानावर घातलं.

संघाचे कप्तान होते ओव्हरसियर मोहनराव. माणूस वाईट नव्हता, पण तो कप साहेब जाण्याआधी आपल्या हातात यावा ही त्यांची मोठी इच्छा होती. शुक्रवारी १३ तारखेला सराव झाला. मार्चचं ऊन, त्यात महिनाभर रोलर फिरवलेला, मैदान दगडासारखं झालं होतं. चेंडू टणटण उडत होता. ऑफिसातला एक किरकोळ कारकून चार वेळा गेणबाच्या बाजूनं निघून गेला. चौथ्या वेळी गेणबा वळला, गुडघा वाकडा झाला आणि तो एका हातावर पडला. मोहनराव सगळ्यांसमोर म्हणाले, “गेणबा, रविवारीही असाच पाया पडणार असशील तर देवळात जा. मी दत्तोबाला उभा करतो.”

सगळे हसले. दत्तोबा हा राखीव खेळाडू, वय बावीस. गेणबाही हसला. स्टिक उचलून तो मैदानाच्या कडेनं घरी गेला आणि जाताना दोनदा थांबून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरून पाहिली. मला वाटलं, पायात खडा गेला असेल.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळभर मी गावात होते; परत आले तेव्हा मैदान ओलं दिसलं, सामन्यासाठी पखालवाल्यानं पाणी मारलं असेल असं मला वाटलं. दुपारी दीड वाजता रंगूबाई माझ्याकडे आली.

रंगूबाई ही गेणबाच्या चारीच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या लहान पाटाच्या, अगदी शेवटच्या टोकाला वीस गुंठे करणारी बाई. नवरा नाही, मूल नाही. वांगी आणि मिरची लावायची, डोक्यावर पाटी घेऊन आठवडी बाजारात यायची. आमच्या घरी वांगी तिचीच. त्या दिवशी पाटी नव्हती. ती ओसरीवर बसली, पाणी प्यायली आणि सांगू लागली, की आज सकाळी सहा ते बारा तिची पाळी होती. सहाला पाणी आलं, आठला बंद पडलं. ती चारीनं वर चालत गेली. चारीच्या तोंडाचं दार खाली होतं, पाटकरी तिथं नव्हता, खोलीवर बनाबाईला विचारलं तर तिलाही ठाऊक नव्हतं. दाराला हात लावायचा नाही म्हणून ती बारापर्यंत तिथंच बसून राहिली. आता पुन्हा पाळी बारा दिवसांनी. मिरचीला नुकती फुलं धरली होती.

मी विचारलं, की गेणबा गेला कुठं असेल? ती म्हणाली, “आसंल त्या चेंडूच्या नादात. पोरगं गुणाचं हाय बाई, पन माझी मिरची गुण खात न्हाय, पानी खाती.”

तिनं सांगितलं तसं मी लिहिलं. तारीख, वार, सहा ते आठ पाणी, आठ ते बारा दार बंद, पाटकरी जागेवर नाही. मलाही वाटलं की गेणबा सरावाला गेला असणार, साहेब चार शब्द बोलतील आणि चार तास भरून देतील. गेणबाच्या अर्जात मी ‘एकही तक्रार नाही’ असं लिहिलं होतं ते आठवलं, पण अर्ज त्याचा होता आणि तक्रार हिची होती. मी लिफाफा बंद केला. ऑफिस सोमवारी उघडणार होतं, म्हणून तो टेबलावर ठेवला.

रविवारी साडेचारला सामना सुरू झाला. दौंडहून माणसं गाडीनं आली होती, लोणी भापकरापासून अंथुर्ण्यापर्यंतचे लोक बैलगाड्या सोडून कडेनं बसले होते. मैदान बघून मोहनराव खूश झाले. पखालवाल्यानं या खेपेला छान पाणी मारलं आहे, धूळ नाही, असं ते साहेबांना सांगत होते. मी खुर्चीवर बसताना खाली पाहिलं. माती वरून वाळून तिला बारीक भेगा पडल्या होत्या. पखालीच्या शिंपणानं अशा भेगा पडत नाहीत.

पहिल्या अर्ध्या भागात रेल्वेवाल्यांना काही सुचेना. त्यांचा सगळा खेळ वेगाचा. चेंडू मारला की तो थोडं जाऊन मंदावत होता, आणि मंदावलेला चेंडू म्हणजे गेणबाचं काम. तोच तो फायरमन डाव्या बाजूनं पाच-सहा वेळा आला आणि प्रत्येक वेळी गेणबानं वळण्याची गरज न पडता चेंडू काढून घेतला. मध्यंतरापूर्वी आमचा एक गोल झाला. साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला पलटणीतून नुकताच आलेला गेणबा आठवला.

मध्यंतरानंतर जमिनीची वरची पापडी बावीसजणांच्या पायांखाली फुटली. खाली चिखल होता, चिकट, काळा. पाय रुतायला लागले. शेवटची सात-आठ मिनिटं राहिली होती. फायरमन पुन्हा आला. गेणबाचा उजवा पाय घोट्यापर्यंत धरला गेला, आणि अंग वळलं तरी पाय वळला नाही. तो ओरडला नाही. चेंडू त्यानं काढला, बाहेर मारला, आणि मग तो हललाच नाही. स्टिकवर दोन्ही हात ठेवून तसाच उभा राहिला. लोकांना वाटलं, रुबाब करतोय. त्यानंतर दोनदा चेंडू त्याच्या बाजूला आला आणि दोन्ही वेळा त्यानं एका पायावर उभं राहून तो अडवला. एकदा स्टिकनं, एकदा नडगीनं. शिट्टी वाजली. आम्ही एक गोलानं जिंकलो होतो.

साहेबांनी येऊन त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, की उद्या तुझा कागद काढतो. मी जवळच होते, मीच त्याला मराठीत सांगितलं. गेणबानं मान हलवली. सगळे गेल्यावर दोघांनी त्याला उचलून दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचं भांडं धरून उभी होते. ते म्हणाले, हा पाय आता सरळ होणार नाही. गेणबा छताकडे बघत होता. मग तो आपण होऊन बोलू लागला. कुणी विचारलं नव्हतं.

“मैदानाला पानी मीच दिलं,” तो म्हणाला. “दगडावर मला वळता येत न्हाय. म्हटलं, वाफशावर आनावं. भुई मऊ झाली की चेंडू दमानं येतो, मानूस बी दमानं येतो. चारीचं दार खाली केलं, मैदानाकडचं वर घेतलं, चार तास दिलं. आमच्या रानाला चार तासांनी दुसऱ्या दिशी वाफसा यायचा. चुकलं. ते रान हुतं, ही रोलरखालची भुई. वरनं वाळली आन् आतनं तशीच.”

वाफसा म्हणजे पाणी दिल्यानंतर जमीन ना ओली ना कोरडी, पाय ठेवण्याजोगी होते ती वेळ. हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. त्यानं गेलेल्या जमिनीच्या आठवणीनं हिशेब केला होता.

डॉक्टरांनी विचारलं, “कुणाच्या पाळीचं दिलंस?”

“रंगूमावशीच्या.”

“तिच्याच का?”

“दुसऱ्या कुनाचं घेतलं आसतं तर चार मानसं दारावर आली आसती. ती एकटी हाय.”

मी भांडं खाली ठेवलं. लिफाफा घरी टेबलावर होता. तो मी फाडू शकत होते. सोमवारी सकाळी नऊ वाजेपर्यंत मी त्याच्याकडे बघत होते आणि मग शिपायाच्या हाती दिला, कारण तो रंगूबाईचा होता. डायरीत त्या दिवशी तेवढंच आहे : ‘लिफाफा दिला.’

मंगळवारी १७ तारखेला चौकशी झाली. साहेबांना मराठी जेमतेम यायचं, तर दुभाष्या म्हणून मला बोलावलं. दोन्ही कागद माझ्या हातचे होते. ते त्यांनी शेजारी शेजारी ठेवले होते आणि हसून मला म्हणाले, की यातल्या कोणत्या कागदावर मी विश्वास ठेवू?

गेणबाला स्टुलावर बसवलं होतं. सामन्यात पाय मुरगळला, आठ दिवसांत बरा होईल, असं मोहनरावांनी साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी ते गेणबाच्या खोलीवरही जाऊन आले होते. काय बोलायचं ते त्यांनी नीट समजावलं होतं. मैदान पाहून त्यांनाही सगळं कळलं होतं, आणि तो कप चोरीच्या पाण्यावर मिळाला हे त्यांना बाहेर येऊ द्यायचं नव्हतं. बनाबाई तिन्ही मुलींना घेऊन खिडकीबाहेर लिंबाखाली बसली होती.

साहेबांनी विचारलं, आठ वाजता पाणी का बंद झालं? मी ते मराठीत विचारलं.

गेणबा माझ्याकडे न बघता म्हणाला, “चारी फुटली. उंदरानं बीळ पाडलं हुतं. पानी वढ्याला जात हुतं, म्हनून दार खाली केलं.”

शेतापर्यंतची चारी शेतकऱ्यानं नीट ठेवायची असा नियम होता. चारी फुटून पाणी वाया गेलं तर दोष शेतकऱ्याचा, आणि शिक्षा म्हणून पुढच्या पाळ्या बंद. हे गेणबाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि रंगूबाईला तर होतंच. मी वाक्य इंग्रजीत सांगितलं. माझा आवाज नेहमीसारखा होता.

साहेब भिंतीशी बसलेल्या रंगूबाईकडे वळले, तुझं काय म्हणणं?

रंगूबाईनं गेणबाकडे पाहिलं. त्याच्या पट्टी बांधलेल्या गुडघ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं. ती म्हणाली, “साहेबास्नी सांगा बाई, माझ्या चारीत उंदीर न्हाईत. पन गेणू म्हनतो तर आसतील.”

मी साहेबांना सांगितलं, “ती म्हणते, उंदीर असतील.”

वाक्याचा पहिला अर्धा भाग मी सोडला. साहेबांनी ओळ लिहून घेतली आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. त्यांनाही गेणबाला वाचवायचंच होतं. रंगूबाईला इंग्रजी येत नव्हतं, पण वाक्य किती लांब होतं आणि किती आखूड झालं, हे तिला ऐकू आलं असणार. ती माझ्याकडे बघत उठली, पदर डोक्यावर घेतला आणि निघून गेली. तिच्या दोन पाळ्या बंद झाल्या.

२८ मार्चला गेणबा कायम झाला. हुकूम मीच त्याला वाचून दाखवला. त्यानं तो पुन्हा वाचायला सांगितला, आणि ऐकताना एकदाही मान हलवली नाही. त्या दिवशीच्या पानावर तीनच शब्द आहेत : ‘गेणबा कायम झाला.’ माझी डायरी चाळीस वर्षांची आहे, आणि तिच्यात दुधाच्या भावापासून तापाच्या अंशांपर्यंत सगळं आहे. १७ तारखेचं पान मात्र कोरं आहे.

नव्या साहेबांनी संघ मोडला. मैदानावर पुढे गुरं चरायला लागली. गेणबा तेव्हा एकतीस वर्षांचा होता. त्याचा पाय वाकलेलाच राहिला. चार मैलांचा पाट तो काठी टेकत चालायचा, आणि जड चावी बनाबाई फिरवायची. डॉक्टरांनी दोन वेळा खोटा दाखला दिला, की पाय सुधारत आहे. आमच्या घरात त्या विषयावर बोलणं झालं नाही.

रंगूबाईची मिरची एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच वाळली, वांगी त्यानंतर. मी दोनदा तिच्याकडे गेले. पहिल्यांदा तिनं मला बसायला घोंगडी टाकली आणि पाणी दिलं. मी म्हटलं, की मी साहेबांना नव्यानं कागद लिहिते. ती म्हणाली, “नगं बाई. तुमचं अक्षर लई चांगलं हाय.” दुसऱ्यांदा गेले तेव्हा झोपडीला काटे लावलेले होते. इंदापूरकडं उसाची नवी लागवड वाढत होती, तिकडं मजुरीला गेली असं शेजाऱ्यानं सांगितलं. गेणबा तिला शोधायला तीनदा त्या भागात जाऊन आला. लंगडत, चालत. तिसऱ्या खेपेला ती एका फडात भेटली. त्यानं काय म्हटलं ते बनाबाईला माहीत नव्हतं. रंगूबाईनं ऊस बांधायचं काम थांबवलं नाही, एवढंच तो घरी येऊन बोलला.

१२ जानेवारी १९३९ ला आम्ही मोटारीनं इंदापूरला निघालो होतो. चारीच्या टोकाजवळ रस्ता वळतो तिथं मला गेणबा दिसला. सकाळचे आठ वाजले असतील. तो रंगूबाईच्या रानाला पाणी सोडायच्या दाराजवळ बांधावर बसला होता, वाकडा पाय पुढे टाकून. पलीकडं तिची वीस गुंठे जमीन. तिच्यात हराळी आणि रुईची झुडपं. मी मोटार थांबवायला सांगितली आणि उतरून गेले.

दार खालीच होतं. चारी कोरडी होती. मी विचारलं, की इथं काय करतोस, इथं तर कुणाची पाण्याची मागणी नाही.

“न्हाय,” तो म्हणाला. “मागनी न्हाय म्हनून दार उघडता येत न्हाय.”

“मग?”

“मावशीच्या रानाची पाळी हाय. सहा ते बारा.”

दर बारा दिवसांनी तो येऊन बसतो, असं मला मागून बनाबाईकडून कळलं. सहाला यायचा, बाराला उठायचा. ऊन चढलं तरी सावलीला जायचा नाही. त्या दिवशी मी थोडा वेळ त्याच्या शेजारी उभी राहिले. डॉक्टरांनी मोटारीतून हाक मारली. गेणबा दारावर हात ठेवून बसला होता आणि कोरड्या चारीकडं बघत होता, जसा तो पूर्वी समोरून येणाऱ्या माणसाच्या कमरेकडं बघायचा. मी मोटारीत जाऊन बसले. अजून चार तास बाकी होते.